भिक्षा, भीक आणि बुधवारची रांग : मुंबईतल्या चर्चच्या बेघर-सेवेमागची पार्श्वभूमी

बुधवारी माहीमच्या चर्चबाहेर मेणाची घरं मिळतात. तळहातावर मावतील एवढी, उतरत्या छपराची. हात दुखत असेल तर मेणाचा हात, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, आणि जागेचं काम अडलं असेल तर हे घर विकत घ्यायचं नि आत नेऊन वाहायचं. १९४८ पासून दर बुधवारी इथे नोव्हेना, म्हणजे नवसाची खास प्रार्थना, चालते, आणि ख्रिस्ती नसलेलेही तितक्याच भक्तिभावाने रांगेत उभे असतात. मेणाच्या घरांपासून दहा पावलांवर, भिंतीच्या कडेने, ज्यांना कसलंच घर नाही अशी माणसं बसलेली असतात.

मुंबई-वसईकडच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीत, अलीकडे रविवारच्या मिस्सेनंतर (उपासनेनंतर) घोषणा कानावर पडते : अमुक रात्री जेवण वाटायला माणसं हवीत, कुणाला केस कापता येत असतील तर बरं, जुन्या चादरी धुऊन आणा. ऐकायला सरळ काम. पण ज्याच्या हातात जेवणाचं पाकीट द्यायचं तो कायद्याच्या नजरेत कोण, हा प्रश्न या कामाला सुरुवातीपासून चिकटलेला आहे. त्यातला सगळ्यात मोठा गुंता १९५९ सालचा. म्हणून त्याआधीचं इथे भराभर.

पोर्तुगीज काळात गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात दयाकार्यासाठी गृहस्थांची मंडळं असत. १४९८ मध्ये लिस्बनला सुरू झालेल्या नमुन्यावर ती उभी राहिली. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला थारा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सोडवणूक आणि मेलेल्याला माती ही त्यांची सात कामं. (सातवं शुभवर्तमानातल्या यादीत नाही, ते मागाहून जोडलं गेलं. मुंबईत बेवारस मृतदेहांसाठी धावपळ करणाऱ्यांना ते पहिलं वाटेल.) ही मंडळं पाद्र्यांची नव्हती, प्रापंचिकांची होती. आजच्या स्वयंसेवकाचा वंशवृक्ष काढायचाच तर तो इथून निघतो.

इंग्रजी अमलात बेघर म्हणजे आधी गोरा बेघर. जहाज सुटलेले खलाशी, पलटणीतून निघालेले शिपाई. त्यांच्यासाठी १८७४ चा खास कायदा होता. त्यांना कामघरात ठेवत, नाहीतर देशाबाहेर पाठवत. सत्ताधारी जातीचा माणूस फुटपाथवर दिसणं सरकारला परवडणारं नव्हतं, हे उघड आहे. चर्चची मदतही बरीचशी त्यांच्याच वाट्याला जाई. १८८२ मध्ये फौजेसारखे हुद्दे लावणारी लंडनची एक ख्रिस्ती संघटना मुंबईत उतरली. तिच्या लोकांनी देशी कपडे घातले, देशी नावं घेतली आणि गोऱ्या समाजाच्या कपाळाला आठ्या पाडल्या.

पॅरिसमध्ये १८३३ साली काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गृहभेटींचं मंडळही याच शतकात इकडे आलं आणि इथल्या पॅरिशमध्ये मुरलं. त्याची एक पद्धत अजून टिकून आहे. आठवड्याची बैठक संपताना एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येकाने मूठ बंद करून हात आत घालायचा. कुणी किती टाकलं, की काहीच टाकलं नाही, हे शेजारच्यालाही कळू द्यायचं नाही. घेणाऱ्याची लाज राखण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. देणाऱ्याचीही लाज राखायची असते, हे या पिशवीला ठाऊक आहे.

महाराष्ट्रातल्या दुष्काळांचा उल्लेख टाळता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत नगर-पुण्याकडे मिशनांनी शेकडो निराधार मुलं सांभाळली. संस्कृतात पंडिता म्हणून गाजलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या एका बाईंनी केडगावला उभारलेलं मुक्तीचं घर त्याच काळातलं. ‘पोटाला घालता ते धर्मासाठी’ हा आरोपही तेव्हाचाच. तो आजतागायत दर काही वर्षांनी नव्याने निघतो. २०२१ च्या नाताळात कोलकात्याच्या निळ्या काठाच्या साड्यांच्या सिस्टरांचा परदेशी देणग्यांचा परवाना नाकारला गेला आणि दोन आठवड्यांत परत मिळाला. पॅरिशमधला स्वयंसेवक मात्र या भांडणात फारसा नसतो. त्याचे पैसे परदेशातून नाही, त्या पिशवीतून येतात.

आता १९५९. मुंबई राज्यात भिकाऱ्यांविषयीचा कायदा १९४५ पासून होताच. त्याच्या जागी मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला आणि पुढे दिल्लीसह इतर ठिकाणीही तोच उचलला गेला. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं किंवा घेणं हा गुन्हा, मग ते गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून असो की काही विकण्याच्या मिषाने. भिकेसाठी कुणाच्या आवारात शिरणं, जखम किंवा व्यंग दाखवून पैसे मिळवणं हेही त्यात आलं. इथवर निदान काहीतरी ‘करणं’ आहे. त्यापुढचं कलम करण्याबद्दल नाही, दिसण्याबद्दल आहे. पोट भरण्याचं दिसेल असं साधन नाही, आणि माणूस रस्त्यावर अशा अवस्थेत फिरतोय किंवा थांबलाय की तो भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढं पुरे. पकडायला वॉरंट लागत नाही. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत.

मराठी माणसाला या व्याख्येत अडखळायला होतं ते शब्दांपाशी. आपल्याकडे भिक्षा वेगळी आणि भीक वेगळी. मुंजीतला बटू ‘भवति भिक्षां देहि’ म्हणतो तेव्हा आई-मावश्या कौतुकाने तांदूळ घालतात. पुण्यात वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्यांच्या पिढ्या झाल्या, आणि त्यांच्या नातवंडांनी ते अभिमानाने लिहून ठेवलं. जोगवा देवीचा असतो. वासुदेव ‘दान पावलं’ म्हणतो आणि देणाऱ्यालाच पुण्याची पावती देऊन जातो. पोतराज, नंदीबैलवाला, पिंगळा हे सगळे गाणारे, नाचणारे, भविष्य सांगणारे. कायद्यातली यादी जणू यांना समोर बसवूनच केली. ‘भीक’ हा शब्द उरतो तो शिवीसारखा : भिकेचे डोहाळे, भीक नको पण कुत्रा आवर. कायद्याने ही सगळी उतरंड एका टोपलीत ओतली, आणि सरकारी मराठीने त्या माणसाला नाव दिलं ‘भिक्षेकरी’. शब्द भिक्षेच्या कुळातला, वागणूक भिकेची.

चर्चसाठी तर हे आणखी अवघड. माहीमचं चर्च सोळाव्या शतकात ज्या संघाच्या साधूंनी उभारलं, त्यांच्या आद्य नियमातच भिक्षेवर जगणं होतं. दोर कमरेला बांधून दारोदार जाणारी ही माणसं १९५९ च्या व्याख्येत अलगद बसली असती. सुटकेसाठी कायद्यात एक पळवाट आहे : कायद्याने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने मंजूर केलेल्या कामासाठी पैसे, अन्न गोळा केलं तर ती भीक नव्हे. म्हणजे गरिबांसाठी डबा फिरवणारा सुटतो, गरीब अडकतो.

याहून मोठी विसंगती अशी की देणाऱ्याबद्दल कायदा काही बोलतच नाही. भीक मागायला लावणाऱ्याला शिक्षा आहे, घेणाऱ्याला आहे, देणारा मोकळा. माहीमला रस्त्याकडेच्या काही हॉटेलांपुढे माणसं ओळीने उकिडवी बसलेली दिसतात. कुणी गाडी थांबवून गल्ल्यावर दहा जणांचे पैसे देतो, आतून आकडा पुकारला जातो आणि ओळीतले पहिले दहा उठतात. दोघांमधला व्यवहार एकच, त्यातला एक पुण्यवान आणि दुसरा आरोपी. चर्चच्या स्वयंसेवकांना हे पुस्तकातून कळत नाही, भिकारी पकडणाऱ्या पथकाची गाडी आली की कळतं. पाकीट हातात घेतलेली बाई ते तिथेच टाकून मूल उचलून पळते, आणि वाटणारा तसाच उभा राहतो, त्याला कुणी काही विचारत नाही.

या कायद्याची बाजू मांडणारेही आहेत. मुलं पळवून भिकेला लावणाऱ्या टोळ्या, अपंगांचा बाजार, सिग्नलवरची दमदाटी या गोष्टी खोट्या नाहीत, आणि चर्चच्या आवारातले ज्येष्ठही ‘पैसे देऊ नका, पेटीत टाका’ असं सांगतात ते त्यामुळेच. मात्र त्या टोळ्यांसाठी वेगळं कलम होतंच. ‘दिसण्या’च्या कलमात सापडले ते बहुधा आजारी, म्हातारे आणि गाव सुटलेले.

कायदा आला त्याच सुमारास चर्चचा सूर मात्र दुसरीकडे वळत होता. १९६४ च्या डिसेंबरात जागतिक मेळाव्यासाठी पोप मुंबईत आले, आणि जाताना स्वतःला भेट मिळालेली मोठी मोटार कोलकात्याच्या त्या सिस्टरांना देऊन गेले. त्यांनी तिची सोडत काढली आणि पैसे कुष्ठरुग्णांच्या कामी लावले. पुढच्याच वर्षी रोमच्या महासभेने प्रापंचिकांच्या सेवेवर जो ठराव केला, त्यात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा : न्यायाने जे द्यायलाच हवं, ते दान म्हणून देऊ नका. त्यावर इथे किती प्रवचनं झाली असतील ती असोत. पण खिचडी वाटणारे आणि रेशनकार्डासाठी भांडणारे असे दोन तट मुंबईच्या पॅरिशांत पडले, त्याचं मूळ याच वाक्यात आहे. १९७६ मध्ये भायखळ्याला सांकली स्ट्रीटवर, एका साबणाच्या कंपनीने दिलेल्या जागेत, त्याच सिस्टरांचं निराधारांचं घर सुरू झालं. कॉलेजची पोरं रविवारी तिथे म्हाताऱ्यांची नखं कापायला जाऊ लागली. ‘स्वयंसेवा’ हा शब्द या शहरातल्या ख्रिस्ती तरुणांच्या तोंडी रुळला तो अशा ठिकाणी.

दुसऱ्या तटाला बळ मिळालं १९८१ नंतर. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात फुटपाथवरची झोपडी उपटून माणसांना बसमध्ये घालून गावी धाडण्याचा हुकूम सुटला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८५ मध्ये निकाल लागला. जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, असं पाच न्यायमूर्तींनी म्हटलं. त्याच निकालात नोटीस देऊन झोपड्या हटवायला परवानगीही दिली, फक्त पावसाळा उलटेपर्यंत थांबायला सांगितलं. पाठ्यपुस्तकात पहिलं वाक्य असतं. भायखळ्याच्या फुटपाथला दुसरं लक्षात आहे.

तोवर शब्द होता ‘फुटपाथवासी’. ‘बेघर’ त्यामानाने अलीकडचा, आणि तोही सरळ नाही. जनगणनेत ज्याला छपराचं घर नाही तो बेघर : रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपात, फलाटावर, देवळाच्या किंवा चर्चच्या ओसरीवर झोपणारा. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री ही मोजणी झाली आणि देशात सुमारे १७.७ लाख माणसं सापडली. महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर, मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. एका रात्रीत, झोपलेली माणसं मोजून. रात्रपाळीला गेलेले हमाल, लग्नात वाढप्याचं काम करणारे, पोलिसांना पाहून सरकलेले यात नसणारच. प्लास्टिकचा कागद टाकून आडोसा केला की तो ‘घर’ धरायचा की नाही, यावरही आकडा हलतो. रात्री जेवण वाटणाऱ्यांना रस्त्यावरची माणसं नेहमीच कागदावरच्यांहून जास्त वाटत आली आहेत.

निवाऱ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला तो २०१० मध्ये. दिल्लीत ऐन थंडीत एक रात्रनिवारा पाडला गेला. अन्नाच्या हक्काच्या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांना दर लाख वस्तीमागे एक, चोवीस तास उघडा निवारा बांधायला सांगितलं. बृहन्मुंबईची तेव्हाची वस्ती १ कोटी २४ लाख, म्हणजे सव्वाशेच्या घरात निवारे. शहर त्या आकड्याच्या जवळपासही फिरकलं नाही. जे निवारे झाले त्यातले बरेच संस्थांच्या हाती चालवायला आले, आणि स्वयंसेवकांचं काम पाकिटावरून रजिस्टरावर गेलं : नोंदी, दवाखान्याची चिठ्ठी, गावचा फोन नंबर शोधणं. पनवेलजवळ एका पाद्र्याच्या आश्रमात तर फलाटावर मरायला टेकलेली माणसं आणून, बरी करून, त्यांच्या घरी पोचवण्याचं काम चालतं. पत्ता आठवत नसलेल्या माणसाचं गाव त्याच्या बोलीवरून ओळखायचं, ही तिथली खरी कला.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने हे सगळं एकदम मोठं केलं. चर्चच्या सभागृहांत चुली पेटल्या, वसईकडून भाजीचे टेम्पो आले, आणि पहिल्यांदाच वाटणाऱ्यालाही रस्त्यावर असण्याचा पास दाखवावा लागला. पुढच्या वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयापुढे बेघरांना तीन वेळचं जेवण आणि निवारा देण्याची मागणी आली, तेव्हा न्यायालयाने म्हटलं की सगळं सरकार देऊ शकत नाही, बेघरांनीही देशासाठी काम करावं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या भिकेला बंदी घालायला नकार देताना हा गरिबीचा प्रश्न आहे, त्याकडे उच्चभ्रू नजरेने पाहणार नाही, असं सांगितलं.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये १९५९ च्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं तिथल्यापुरती रद्द केली. ज्या राज्यात तो जन्मला तिथे तो अजून चालू आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने भिक्षेकरी गृहांत ठेवलेल्या माणसांना तिथल्या कामाचा मिळणारा मेहनताना वाढवला. तो दशकानुदशकं महिन्याला पाच रुपये होता, आता दिवसाला चाळीस झाला.

बुधवारी वाटपाला जाणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली जेवणाबरोबर आधारचे अर्जही असतात. नाव, वय, वडिलांचं नाव इथवर लिहून होतं. मग पत्त्याचा रकाना येतो, आणि निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचा शिक्का मिळेल का, याची फोनाफोनी सुरू होते.