भाकरी फुगली पाहिजे

ज्वारीची भाकरी तव्यावर पुरी होत नाही. पाणी फिरवलेली बाजू वर ठेवून ती तव्यावर टाकायची, पाणी सुकत आलं की उलटायची आणि मग चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांच्या आरापुढे उभी करायची. तिथे पापुद्रा सुटतो, भाकरी टम्म फुगते. त्यासाठी चुलीचं तोंड चांगलं सात-आठ इंच रुंद लागतं.

बिनधुराच्या चुलीला मात्र लहान तोंड हवं असतं. लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग वायू होऊन सुटतो. हे वायू ज्योतीतच जळाले तर धूर होत नाही. रुंद तोंडातून गरजेपेक्षा जास्त थंड हवा आत शिरते, ज्योत थंडावते आणि न जळलेले वायू धूर होऊन घरात पसरतात. ओलं जळण असेल तर विचारूच नका.

भारतात १९८०च्या दशकात सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला गेला. नंतर ओडिशात हॅना, डफ्लो आणि ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी सुमारे २,६०० कुटुंबांवर धुराड्याच्या मातीच्या चुलींचा परिणाम चार वर्षांपर्यंत तपासला. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्यांच्या शरीरात जाणारा धूर घटला, पुढे फरक उरला नाही. चुली नियमित वापरल्या गेल्या नव्हत्या आणि त्यांची डागडुजीही होत नव्हती.

अशी चूल कशी बिघडते, ते आतून पाहावं. धुराड्याच्या वळणावर काजळी साचते आणि धूर वर खेचणारी ओढ कमी होते. ओढ गेली की धूर चुलीच्या तोंडातून परत घरात. काजळी काढायला वळणापाशी हात जाईल एवढी खिडकी ठेवावी. ती नसेल तर धुराडं उतरवावं लागतं, आणि भर पावसाळ्यात कौलांवर कोण चढणार? वैलावर, म्हणजे चुलीच्या दुसऱ्या भोकावर, भांडं नसेल तर तिथूनही धूर येतो, म्हणून वैलाला घट्ट झाकण हवंच. पातेल्याचं बूड भोकापेक्षा लहान असेल तर फटी राहतात. म्हणून भोकाचं माप त्या घरातली भांडी मोजून घ्यावं, कागदावरच्या नकाशातून नव्हे.

भाकरीवर एक तोडगा आहे: तोंडाला काढता-घालता येणारी पत्र्याची झडप. डाळ शिजेपर्यंत ती लावलेली, भाकरीला काढलेली. तेवढा वेळ धूर वाढतो, हे मान्य करावं. बाईने भाकरीसाठी बाहेर तीन दगडांची चूल मांडली तर नुकसान त्याहून जास्त, कारण मग दोन्ही चुली पेटतात. धूर निम्मा झाला म्हणून फुप्फुसांचा धोका निम्मा होत नाही. थोड्या धुरातच तो झपाट्याने चढलेला असतो.

नवी चूल वापरता का, असं विचारलं तर पाहुण्याला बरं वाटेल असंच उत्तर मिळतं. म्हणून बटण-सेलएवढी तापमान नोंदवणारी चकती चुलीच्या बाहेरच्या अंगाला, ज्योतीपासून लांब बसवतात. ती दर काही मिनिटांनी आकडा टिपते. एक नव्या चुलीला लावावी आणि एक, न विसरता, जुनीला. भाकरीच्या वेळी कुठली तापते, ते दोन आठवड्यांत कळतं.