तेरावा नसलेले दुःख

ठाण्याच्या कोर्टनाक्याजवळ, मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेल्या किल्ल्यात, आज मध्यवर्ती कारागृह आहे. त्याच्या दाराशी भेटीसाठी ताटकळणाऱ्या आया, बायका आणि बहिणी ज्यातून जात असतात तो शोकच आहे, हे अनेकांना पटत नाही, कारण त्यांचा माणूस जिवंत असतो.

अमेरिकेतील कुटुंबविषयक अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना, या अवस्थेला ‘संदिग्ध वियोग’ अशा अर्थाचे नाव दिले. मृत्यूनंतर दहावा-तेरावा होतो, नातलग जमतात आणि हळूहळू घराची नवी घडी बसते. मुलगा ‘आत’ असला की मात्र त्याचे कपाट आवरावे की तसेच ठेवावे, बहिणीचे लग्न थांबवावे की उरकावे, हेही ठरत नाही आणि दर तारखेला आशा व धास्ती दोन्ही नव्याने उभ्या राहतात. शिक्षा झालेल्याच्या घराला निदान वर्षे मोजता येतात; पण २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन जण न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते.

समाज ज्याला दुःख मानतच नाही अशा दुःखाचा विचार शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये मांडला, आणि तो येथे तंतोतंत लागू पडतो. सांत्वनाला कोणी येत नाही, घरचेही दार लोटून घेतात. त्याच माणसाची आठवण येते आणि त्याचाच संतापही येतो. या दोन्ही भावना एकत्र असणे स्वाभाविक आहे, हे त्या आईला कोणीतरी सांगायला हवे.

‘बाबा गावाला गेलेत’ हे उत्तर कळव्यातल्या किंवा घणसोलीतल्या मुलाला फार दिवस पुरत नाही. खरे कारण न कळलेले मूल बरेचदा स्वतःलाच दोष देते, म्हणून वयाला झेपेल इतके खरे सांगावे, असे तज्ज्ञ सुचवतात. पत्रे आणि नियमित भेटी यांचाही आधार होतो. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर, म्हणजे तुरुंगातून ठराविक दिवसांच्या सुट्टीवर, वडील घरी येतात तेव्हा मात्र, ते कोणत्या दिवशी परत जाणार आहेत, हे मुलाला पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवावे.