ससा, कॉकाटील, कासव घेऊन ठाणे-नवी मुंबईत भाड्याने घर शोधताय? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

कुत्रा-मांजरवाल्यांना हल्ली घर मिळतं, थोडं जास्त फिरावं लागतं पण मिळतं. अडतं ते ससे, गिनीपिग, पक्षी, मोठा फिश टँक, इग्वाना (सरड्यासारखा मोठा परदेशी प्राणी) असं काही असलेल्यांचं. कारण फोनवर ओनर विचारतो "कुत्रा आहे का?", तुम्ही खरंच सांगता की नाही, तो म्हणतो मग काही प्रॉब्लेम नाही, आणि शिफ्टिंगच्या दिवशी टेम्पोतून चार फुटी पिंजरा उतरला की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे खाली जमा. म्हणून भाड्याचं घर शोधायला आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिलं हेच सांगतो, की प्राणी कोणता आणि किती हे टोकनच्या (घर पक्कं करायला दिलेल्या आगाऊ रकमेच्या) आधी सांगा आणि ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरचा "ओके" पुढच्या वर्षी भाडं वाढवायच्या वेळी कोणी धरत नाही.

सोसायटी वेगळी, ओनर वेगळा

यात लोकांचा खूप गोंधळ होतो. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यानुसार सोसायटीला मीटिंगमध्ये बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही. पण त्या सूचना मुख्यतः कुत्र्यांचे वाद डोळ्यासमोर ठेवून आल्यात, आणि त्यावर बोट ठेवून ओनरशी भांडता येत नाही. घर त्याचं आहे, भाड्याने देताना "प्राणी नको" अशी अट तो घालू शकतो. त्यामुळे "पेट फ्रेंडली सोसायटी" अशी जाहिरात बघून खूश होऊ नका, तुम्हाला पेट फ्रेंडली ओनर हवाय.

आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने देण्याचं ॲग्रीमेंट) बहुतेक ११ महिन्यांचं असतं आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे ते लेखी आणि रजिस्टर्ड असावंच लागतं. ड्राफ्ट आला की तयार फॉरमॅटमधली "नो पेट्स" ओळ आधी शोधा, ती बऱ्याचदा कोणी न वाचता तशीच राहिलेली असते, ती काढायला लावा आणि त्या जागी साधं वाक्य टाका: "भाडेकरू आपल्यासोबत २ ससे पिंजऱ्यासह या सदनिकेत ठेवतील, यास मालकाची संमती आहे. सशांमुळे दरवाजे, वायरिंग किंवा फरशीचे नुकसान झाल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च डिपॉझिटमधून वळता होईल." दुसरं वाक्य तुमच्या विरुद्ध वाटेल पण तेच ओनरला पटवतं, आणि "प्रत्यक्ष खर्च" हे शब्द असले की घर सोडताना अख्ख्या घराचं पेंटिंग तुमच्या नावावर टाकता येत नाही.

आधी प्राणी कायद्यात बसतो का ते बघा

घरात हिरवा मिठू असेल तर आम्ही घर शोधून देऊ शकत नाही, हे स्पष्टच सांगतो. किती घरांमध्ये आजीच्या काळापासून पिंजरा टांगलेला होता हे आम्हालाही माहितीये, पण आपला देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेलं स्टार कासव, जे शुभ म्हणून लोक घेतात, त्याचंही तेच. अशा वेळी वनविभागाशी बोला, परस्पर येऊरच्या जंगलात नेऊन सोडू नका.

बजरी आणि कॉकाटील हे परदेशी पक्षी, त्यांची अशी अडचण नाही. पण आफ्रिकन ग्रे, मकाव, इग्वाना, बॉल पायथन अशा CITES या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) आंतरराष्ट्रीय यादीतल्या प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्या सर्टिफिकेटची कॉपी आधार-पॅनसोबत फाईलला लावा. ओनर कागद बघितला की निम्मा शांत होतो.

फिश शॉपमध्ये रुपयाच्या नाण्याएवढं मिळणारं लाल कानाचं कासव वाढून जवळजवळ फूटभर होतं आणि २०-३० वर्षं जगतं. म्हणजे आज टबात मावतंय म्हणून वन आरके घेतलं तर पुढे जागा पुरणार नाही. आणि कंटाळा आला म्हणून मासुंदा किंवा उपवनच्या तलावात तर अजिबात सोडू नका, तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा ते बळकावतं.

घर बघताना

ससा आणि गिनीपिगला ऊन मारतं. तापमान ३० डिग्रीच्या वर गेलं की त्यांना त्रास सुरू होतो, आणि ठाण्यात मे महिन्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. टॉप फ्लोअर, वर उघडा स्लॅब, हॉल पश्चिमेला, असं घर दोन हजारांनी स्वस्त असलं तरी घेऊ नका, तेवढे पैसे एसीच्या बिलात जातील. घर बघायला दुपारी तीनला या, सकाळी दहाला सगळीच घरं थंड वाटतात. शिवाय खाली वाका आणि बघा, वायरी कुठून गेल्यात, कारण जुन्या सिडको घरांमध्ये वरून पट्टीने ओढलेलं वायरिंग बऱ्याचदा जमिनीलगत असतं आणि सशाच्या दातापुढे ती पट्टी टिकत नाही.

पक्षी असेल तर किचनला दरवाजा आहे का ते पहिलं बघा. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवर्समध्ये ओपन किचनची फॅशन आहे, दिसायला छान, पण नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने कॉकाटील काही मिनिटांत मरू शकतो, माणसाला मात्र वासही नीट येत नाही. तेच ताज्या पेंटचं आणि पेस्ट कंट्रोलचं. ओनर तुमच्या भल्यासाठीच चावी द्यायच्या आदल्या दिवशी स्प्रे मारून ठेवतो, म्हणून आधीच सांगा की जेल लावा, स्प्रे नको. माशांना तर तो स्प्रे पक्ष्यांपेक्षाही घातक. आणि कॉकाटील पहाटे ओरडतो, बेडरूमची भिंत शेजाऱ्याच्या बेडरूमला लागून असेल तर पिंजरा दुसरीकडे ठेवता येतो का बघा.

फिश टँकचं वजन लोक धरतच नाहीत. चार फूट बाय दीड बाय दीडच्या टँकमध्ये साधारण अडीचशे लिटर पाणी म्हणजे अडीचशे किलो, वर काच, दगड, स्टँड, तीनशेच्या पुढे जातं. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून डिझाइन करतात, म्हणून टँक खोलीच्या मधोमध किंवा बाल्कनीत नको, खाली बीम असलेल्या भिंतीला लागून ठेवा. वाशी-नेरुळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये सळ्या दिसत असतील, छताचे पोपडे पडले असतील, तर मोठ्या टँकवाल्यांनी ते घर सोडून द्यावं. जाहिरातीत "पॉवर बॅकअप" असेल तर तो लिफ्ट आणि पॅसेजपुरता आहे की घरातही एक पॉइंट आहे हे विचारून घ्या, पावसाळ्यात लाईट गेली की एअर पंप बंद पडतो.

घर फायनल करायच्या आधी डॉक्टर शोधा. कोपऱ्यावरचा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना ससा किंवा पक्षी बघेलच असं नाही, फोन करून थेट विचारा.

आम्हाला काय पाठवाल

प्राण्याचा फोटो, पिंजऱ्याची किंवा टँकची मापं, किती आहेत, पुढे पिल्लं होण्याची शक्यता आहे का (सशांची होतेच, नर-मादी एकत्र असतील तर आधी बोला), आणि नोंदणी लागू असेल तर त्याची कॉपी. आधीच्या ओनरकडून "घर नीट ठेवलं" अशी दोन ओळींची चिठ्ठी मिळाली तर फार कामाला येते. हे सगळं आम्ही ओनरला व्हिजिटच्या आधीच दाखवतो, त्याचा होकार आला तरच तुम्हाला घर दाखवायला नेतो. नकार आला तर तेही त्याच दिवशी कळवतो, म्हणजे तुमचा रविवार फुकट जात नाही. चावी हातात आली की सामान लावायच्या आधी दरवाज्यांच्या खालच्या कडा, स्विचबोर्ड, फरशी यांचे तारखेसकट फोटो आमच्या माणसासोबत काढून घ्या, एक सेट तुमच्याकडे, एक ओनरकडे आणि एक आमच्याकडे राहील.