प्रॉडक्शन डिझायनर आणि कला दिग्दर्शक: घोळ कुठे होतो

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून पणजीत भरतोय, तरी पडद्यावर प्रॉडक्शन डिझायनरचं नाव आलं की शेजारचा हमखास पुटपुटतो, "सेट लावणारा." सेट कसा उभा राहतो ते गोव्यात वेगळं सांगायला नको, जत्रेतल्या नाटकांनी ते शिकवलंय. सुतार, रंगारी, सामान, खर्च हे सगळं कला दिग्दर्शक सांभाळतो.

लोकांना वाटतं, डिझायनर म्हणजे बढती मिळालेला कला दिग्दर्शक. तसं नाही. काय दिसायला हवं ते डिझायनर ठरवतो, आणि ते कला दिग्दर्शक घडवून आणतो.

समजा, गोष्ट डिसेंबर १९६१ची, पोर्तुगीज राजवट संपतानाची, पणजीच्या मळा भागातल्या एका दुकानाची. चित्रीकरणाच्या कितीतरी आधी डिझायनर दिग्दर्शक आणि कॅमेरामनसोबत बसतो. पाटी पोर्तुगीज, गल्ल्यात एस्कुदो, भिंत पिवळी पण पावसाळे खाल्लेली, खालून ओल चढलेली. नायिकेची साडी त्या पिवळ्यात विरता कामा नये, म्हणून वेशभूषाकाराशीही आधीच बोलणं. मग कला दिग्दर्शकाची धावपळ. चुन्याचा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिकटतो. म्हणून कोपऱ्यात नमुना मारून वाळेपर्यंत थांबायचं. घरमालकाची मनधरणी करायची, शूटिंग संपल्यावर भिंत होती तशी करून द्यायची, हेही त्यानेच.

आपल्याकडे वर्षानुवर्षं दोन्ही कामं एकच माणूस करायचा आणि श्रेय कला दिग्दर्शनाचं मिळायचं, म्हणून हा गोंधळ. 'गांधी' चित्रपटात मात्र स्टुअर्ट क्रेग डिझायनर आणि बॉब लेंग कला दिग्दर्शक अशी दोन वेगळी नावं आहेत, आणि ऑस्कर दोघांनाही मिळालं. त्या पुरस्काराचं नाव तेव्हा कला दिग्दर्शनच होतं. ते बदललं २०१२ मध्ये.

सेट डेकोरेटर वेगळा. तो सामानसुमान मांडतो, एवढं पुरे.

गोवा म्हटलं की पणजीतल्या फोंतांयनाश या जुन्या वस्तीची पिवळी-निळी भिंत आणि वर बोगनवेल, याला मी डिझाइन म्हणत नाही. सत्तरी तालुक्यातलं गिलावा न केलेलं चिऱ्यांचं घर निवडणारा डिझायनर मला केव्हाही जास्त पटतो.

या धंद्यात यायचं तर पणजीतल्या आल्तिनोचं कला महाविद्यालय, वास्तुकला किंवा पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतला अभ्यासक्रम, यांपैकी काहीही चालेल. सुरुवात बहुधा कला विभागात सहायक म्हणूनच होते. आणि काम दाखवायला जाल तेव्हा नुसते सेटचे फोटो नेऊ नका. हाच रंग का, हीच खिडकी का, ते शेजारी लिहून न्या.