फेसावरचा फोटो

परवा ठाण्यात, राम मारुती रोडवरच्या एका कॅफेत माझ्या भाचीने स्वतःचाच चेहरा प्यायला. मोबाइलवरून फोटो पाठवला, कप यंत्राखाली सरकवला आणि दहाएक सेकंदांत कॅपुचिनोच्या फेसावर ती तपकिरी रंगात हसायला लागली.

यंत्राचं गुपित कळल्यावर जरा निराशाच होते. हा आपला ऑफिसातला इंकजेट प्रिंटरच. शाईच्या जागी कॉफीचा अर्क. ‘रिपल्स’ या इस्रायली कंपनीने २०१५मध्ये असं यंत्र आणलं. मला कौतुक वाटतं ते प्रिंटरपेक्षा त्याच्या कागदाचं. तो कागद चक्क हवेचा असतो!

दुधात वाफ घुसवली की हवेचे बारीक बुडबुडे होतात. एरवी ते लगेच फुटले असते, पण दुधातली प्रथिने त्यांच्याभोवती पातळ कातडं धरतात. दूध साधारण ६० ते ६५ अंशांवर थांबवलं तर फेस मऊ, तुकतुकीत राहतो. फार तापवलं की भरड होतो आणि उकळल्या दुधाचा वास येतो. तरी चित्राला आयुष्य थोडंच. बुडबुड्यांमधलं पाणी खाली निथळतं. शिवाय लहान बुडबुड्यातला दाब मोठ्यापेक्षा जास्त, त्यामुळे लहानातली हवा मोठ्यात जाते. लहान विरतो, मोठा फुगतो.

“मावशी, माझं नाक गेलं!” भाची ओरडली. तीन-चार फोटो काढण्यात तिने वेळ घालवला होता, दुसरं काय होणार?

एस्प्रेसोवरचा सोनेरी थर हाही फेसच, पण दुधाविना. भाजलेल्या बियांत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. मिलानच्या आकिले गाजिया यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दांड्याचं यंत्र आणलं. हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पट जोराने पाणी कॉफीच्या पुडीतून जाऊ लागलं. त्या दाबाखाली वायू पाण्यात विरघळतो आणि कपात येताच सुटतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखा.

घरी येऊन आम्ही बॅटरीवरची रवी काढली. (दुकानदार तिला ‘फ्रॉदर’ म्हणतो. ताक घुसळणाऱ्या आजीला हसू आलं.) पहिला प्रयत्न फसला: फेस आला आणि बसला. पिशवी तीन दिवसांपूर्वी फोडलेली होती. दूध जुनं होताना त्यातली चरबी तुटून मेदाम्लं सुटतात, आणि ती प्रथिनांना बुडबुड्यावरून ढकलून देतात. ताज्या पिशवीने काम झालं.

मग भाचीने जाड कागदात चांदणी कापली, कपावर धरली आणि वरून जायफळाची पूड भुरभुरली. चांदणी स्वच्छ उमटली. आजीने मात्र फोटोची वाट न पाहता आपला कप उचलला होता.