सरप्लस पार्ट्सचं पाकीट

कंपनीकडे उरलेले, ऑर्डर कॅन्सल झाल्यामुळे पडून राहिलेले किंवा मॉडेल बंद पडल्यावर कुणालाच नको असलेले इलेक्ट्रॉनिक पार्ट्स एकत्र भरून एका ठोक स्वस्त भावात विकतात ते सरप्लस पार्ट्सचं पाकीट, अमेरिकेत ग्रॅब बॅग. आत रेझिस्टर, कंडेन्सर, डायोड, ट्रान्झिस्टर, कधी एखादा रिले नाहीतर ट्रिमर, आणि वर लिहिलेलं असतं फक्त 'मिक्स १००' वगैरे.

हे स्वस्त का पडतं तर माल खराब असतो म्हणून नाही (कधीकधी असतोही), पार्ट्स वेगळे करणं, मोजणं, टेस्ट करणं हीच दुकानदाराची खरी मजुरी असते आणि पाकिटात ती सगळी गिऱ्हाईकाच्या गळ्यात येते. ज्याच्याकडे मल्टीमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं मीटर) आणि रविवारची दुपार आहे त्याला हा सौदा फायद्याचा, ज्याला उद्या एकच १० किलोओहमचा रेझिस्टर हवाय त्याने सुटाच घ्यावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचा रेडिओचा माल ढिगाने बाजारात आला आणि या धंद्याला जोर चढला. न्यूयॉर्कची रेडिओ रो, लंडनची लाइल स्ट्रीट, टोकियोचं अकिहाबारा या पार्ट्सच्या बाजारांत सगळीकडे हॅम रेडिओवाले (हौसेने रेडिओवर संदेश पाठवणारे) आणि शाळकरी पोरं त्या मालावर शिकली. रेडिओ रो १९६६ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी पाडली. पुढे अमेरिकेत पॉली पॅक्ससारख्या कंपन्या मासिकांत जाहिराती देऊन पोस्टाने पाकिटं पाठवायच्या. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लाइव्ह सिंक्लेअर या उद्योजकाने फॅक्टरीने नाकारलेले ट्रान्झिस्टर स्वस्तात उचलले, टेस्ट करून त्यांना मॅट १००, मॅट १२० असे नवे नंबर दिले आणि हौशी लोकांना विकले, म्हणजे पाकीट निवडायची मजुरी त्याने स्वतः केली आणि कमाई तिच्यातच झाली.

पाकीट फोडलं की आधी रेझिस्टर वेगळे करायचे, त्यांची व्हॅल्यू अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळते. पिवळा-जांभळा-लाल पट्टा म्हणजे ४७०० ओहम आणि शेवटी सोनेरी असेल तर ५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे मीटरवर ४४६५ ते ४९३५ मध्ये काहीही आलं तरी माल चांगला. जुने कार्बन कॉम्पोझिशनवाले मात्र दमट हवेत ओलावा धरतात आणि व्हॅल्यू वर सरकते, त्यामुळे रंग बघून विश्वास ठेवू नये, मोजावंच. सिरॅमिक कंडेन्सरवर १०४ असेल तर ०.१ मायक्रोफॅरड. ट्रान्झिस्टरला नंबरच नसेल तर मीटर डायोड मोडवर ठेवायचा, ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवला तर सिलिकॉन, ०.२-०.३ च्या आसपास तर जर्मेनियम, आणि जर्मेनियम निघाला तर तो जपून ठेवा, आता सहज मिळत नाहीत. आयसीवर (म्हणजे चिपवर) नवशिक्याची हमखास गल्लत होते, वर एसएन७४००एन आणि खाली ७४३२ छापलेलं असतं तर ७४३२ हा आयसीचा नंबर समजून ऑर गेट (एक प्रकारचं लॉजिक सर्किट) म्हणून सर्किटमध्ये लावतात, खरं तर ती तारीख असते, १९७४ सालचा ३२वा आठवडा, आणि आत नँड गेट, म्हणजे वेगळंच लॉजिक.

काही गोष्टी सरळ बाजूला काढाव्यात. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वर्षानुवर्षं पडून असेल तर आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो, एकदम फुल व्होल्टेज दिलं तर फुटू शकतो, म्हणून मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवायचं, लोक याला रिफॉर्म करणं म्हणतात. टँटॅलम कंडेन्सर उलटा लावू नका, जळतो. लष्करी जुन्या मीटरच्या डायलला रेडियमचा किरणोत्सर्गी रंग असू शकतो, तो उघडून खरवडायच्या भानगडीत अजिबात पडू नये, मुलांच्या हातात तर नकोच. पाय काळे पडलेले पार्ट्स मात्र टाकू नका, ब्लेडने हलकेच खरवडून फ्लक्स (सोल्डर धरायला मदत करणारा पदार्थ) लावला की सोल्डर धरतं.

आपल्याकडे मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही पार्ट्सची नेहमीची ठिकाणं. हल्ली उरलेला माल बराचसा एसएमडी (लांब पाय नसलेले, बोर्डच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे बारीक पार्ट्स) असतो, त्यातले कंडेन्सर तर रीलवरून (ज्या पट्टीत भरून येतात तिच्यावरून) सुटले की ओळखू येत नाहीत कारण त्यांच्यावर काहीच छापलेलं नसतं, त्यामुळे हाताने सोल्डर करणाऱ्याने पाय असलेल्या पार्ट्सचंच पाकीट मागावं आणि एसएमडी घ्यायचेच असतील तर लेबलसकट रीलचा तुकडा घ्यावा.