सूरसारी: दोन गावांची एक हरवलेली नगरपालिका

फिनिश भाषेत ‘सूर’ म्हणजे मोठं आणि ‘सारी’ म्हणजे बेट. मोठं म्हणायचं तरी सूरसारी जेमतेम ११ किलोमीटर लांब आणि दोन-तीन किलोमीटर रुंद. फिनलंडच्या आखातातली आसपासची बेटं मात्र इतकी सपाट, की १७३ मीटरचा लोउनात्कोर्किया हा इथला माथा दूरवरून खलाशांच्या नजरेत भरायचा. स्वीडिश लोक बेटाला ‘होगलंड’, म्हणजे उंच भूमी, म्हणत; रशियनांनी त्याचंच ‘गोगलंड’ केलं.

वस्ती पूर्व किनाऱ्यावर, दोनच गावांत: सूरक्युला आणि कीस्किन्क्युला. दोन्ही मिळून एकच नगरपालिका. खडकाळ जमिनीत धान्य पिकेना, म्हणून मासेमारी, सीलची शिकार आणि जहाजांना वाट दाखवण्याची कामं. खारवलेले मासे घेऊन होड्या दक्षिणेला एस्टोनियाच्या किनाऱ्यावर जात आणि धान्य घेऊन परतत. प्रत्येक कोळी घराचं तिकडे एक ठरलेलं शेतकरी घर असे. या नात्याला ‘सेप्रा’ म्हणत. शब्दाचा अर्थ साधा, मित्र. आपल्याकडच्या बलुत्यासारखी ही बांधीलकी नव्हे, दोन बरोबरीच्या घरांमधली देवघेव होती.

बेट सेंट पीटर्सबर्गच्या सागरी वाटेवर, त्यामुळे आरमारांचंही लक्ष इथे असायचंच. जुलै १७८८ मध्ये स्वीडिश आणि रशियन आरमारं जवळच भिडली. दोघांनी एकमेकांचं एकेक जहाज पकडलं, निकाल काहीच लागला नाही. त्याहून मजेची गोष्ट पुढची. नोव्हेंबर १८९९ मध्ये ‘जनरल अ‍ॅडमिरल अप्राक्सिन’ ही रशियन युद्धनौका इथल्या खडकांवर चढून बसली. तिच्या सुटकेसाठी रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर पोपोव्ह यांनी बेट आणि फिनलंडच्या किनाऱ्यावरचं कोटका यांच्यात बिनतारी संपर्क जोडला. फेब्रुवारी १९०० मध्ये आलेला पहिलाच महत्त्वाचा निरोप मात्र नौकेबद्दल नव्हता: बर्फाच्या तुकड्यावर कोळी वाहून गेलेत, ‘येर्माक’ हे बर्फफोडं जहाज त्यांच्याकडे पाठवा. कोळी वाचले. नौका एप्रिलमध्ये सुटली.

स्वतंत्र फिनलंडमध्ये, १९३० च्या दशकात, उन्हाळी पर्यटक येऊ लागले. किनाऱ्यावर ‘कसिनो’ होता. फिनलंडमध्ये त्याचा अर्थ जुगारखाना नव्हे, जेवणाखाण्याची जागा.

१९३९ च्या शरदात सोव्हिएत संघाने मागितलेल्या बेटांत हे होतं. युद्धाआधीच गावं रिकामी करण्यात आली आणि मार्च १९४० च्या मॉस्को तहाने बेट गेलं. मार्च १९४२ मध्ये मेजर जनरल आरो पायारी यांच्या सैन्याने गोठलेल्या समुद्रावरून चालून जाऊन ते परत घेतलं. सप्टेंबर १९४४ मध्ये, फिनलंड युद्धातून बाहेर पडल्यावर, कालपर्यंतचे साथीदार जर्मन ते बळकवायला उतरले आणि फिनिश तुकड्यांनी त्यांचा हल्ला हाणून पाडला. एवढं करूनही बेट टिकलं नाही. त्याच महिन्याच्या युद्धविरामाने ते पुन्हा सोव्हिएतांकडे गेलं. समोरचा एस्टोनियाही तोवर सोव्हिएत झाला होता, म्हणजे सेप्राचं दुसरं टोकही तुटलं.

आज बेट रशियाच्या लेनिनग्राद प्रांतात मोडतं. पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी एकोणिसाव्या शतकात आखलेल्या स्ट्रूव्ह चापाचे, म्हणजे मोजणीच्या खुणांच्या लांब साखळीचे, ३४ बिंदू २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. त्यांतले दोनच रशियात आहेत आणि दोन्ही याच बेटावर. एकाचं नाव नुसतं ‘झेड’. दुसऱ्याचं अजून फिनिशच, मॅकिपॅल्युस, टेकडीचा माथा.